करंगळीला जागा

डेल्बर्टच्या दुकानात काउंटरवर हिरवी बनात,
पत्त्यांच्या डावाला अंथरतात तशी.
त्यावर त्याने पाच पिस्तुलं मांडली
आणि म्हणाला, "नोरीन, आधी हात दाखव."
जत्रेतल्या ज्योतिष्यापुढे करावा तसा तळवा पुढे केला.
त्याने रेषा पाहिल्या नाहीत,
सांधे पाहिले.

एकोणीस वर्षं लॉण्ड्री चालवते मी
केंटकीच्या या खोऱ्यात, नदीकाठच्या रस्त्याला.
बारा यंत्रं, त्यातली नऊ चालू.
रात्री दहाला नाण्यांच्या पेट्या रिकाम्या करायच्या,
पिशवी छातीशी धरून गाडीपर्यंत चाळीस पावलं.
मार्चमध्ये त्यातलं एकतिसावं पाऊल
कुणाच्या तरी सावलीवर पडलं.
पिशवी गेली. दात वाचले.
बाकीचं शेरिफला सांगितलंय, इथे सांगत नाही.

हार्लनचं जुनं रिव्हॉल्व्हर कपाटात आहे,
पण ते उचलायला हार्लनच लागतो.

"हलकं दे," मी म्हटलं.
"कमरेला आहे हे मलाच कळू नये, इतकं."

पहिलं खरंच हलकं होतं:
चष्म्याचं घर, आत चष्मा, आणि वर थोडा राग.
मूठ इतकी आखूड की तीन बोटं बसली
आणि करंगळी बाहेर लोंबत राहिली
पंगत उठल्यावर पोचलेल्या पाहुण्यासारखी.
स्लाइड मागे ओढायला गेले
तर ती माझ्या आईइतकी हट्टी.
लहान चणीच्या पिस्तुलाची स्प्रिंग जास्त कडक असते,
हे मला ठाऊक नव्हतं.
लहान चणीच्या बायांचं ठाऊक होतं.

मागच्या खोलीत कागदाचं लक्ष्य.
पहिल्याच गोळीला मनगटाला असा हिसका
की दावं तोडून वासरू पळावं.
पाच गोळ्या, दोन भोकं,
त्यातलं एक शेजारच्या माणसाच्या कागदावर.
डेल्बर्ट हसला नाही.
"वजन कुठे जात नसतं, नोरीन.
पोलादातून काढलं
की मनगटात येऊन बसतं."

रिकाम्या हाताने घरी आले.
स्वयंपाकघरातला काटा काढला, बटाटे मोजले.
ते हलकं म्हणजे तीन बटाटे,
त्याच्या शेजारचं म्हणजे चार.
हार्लनच्या मोज्यात चार बटाटे घातले,
मोजा पट्ट्याला आतून बांधला
आणि दिवसभर लोकांच्या चादरींच्या घड्या घातल्या.
कुणी विचारलं नाही.
दुपारी ड्रायरमध्ये वाकले, शर्ट वर सरकला,
एका पोराने पाहिलं.
"मोज्यात काय आहे?"
"बटाटे."
त्याने मान डोलावली, जणू सगळ्यांच्याच कमरेला असतात.
संध्याकाळपर्यंत डावा गुडघा कुरकुरला,
पण रात्री मोजा सोडला तेव्हा
कंबर त्या जागी जरा पोरकी वाटली.

चार बटाट्यांचंच घेतलं मग.
करंगळीला जागा मिळाली, तेवढं पुरे.
इतर गोष्टी हळूहळू कळल्या:
इलॅस्टिकच्या विजारी बाद,
खुर्चीत बसताना हात आधी कुठे जातो,
हसताना किती मागे रेलायचं.
आणि रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर मिठी मारताना
उजवी कंबर आधी मागे जाते,
हात नंतर पुढे येतात.

परवा आयव्हा कोंब्ज भेटली,
ब्याऐंशी वर्षांची. गावातल्या प्रत्येक मयताला
तिच्याच हातचा सफरचंदाचा पाय असतो.
मी उजवी बाजू मागे घेतली.
तिनेही घेतली.
दोघींच्या मध्ये वीतभर हवा अडकून राहिली.
तिने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे.
आत बाजाची पेटी सुरू झाली होती.

"किती?" तिने हळूच विचारलं.
चार बटाटे, असं तोंडात आलं होतं.
"चोवीस औंस," मी म्हटलं.

"माझं फार हलकं आहे गं," आयव्हा म्हणाली,
आणि मनगट चोळत आत गेली.